निरंक

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळे, महाराष्ट्र राज्य

विषय: कारागृहांतून दर तीन महिन्यांनी आपल्याकडे येणाऱ्या कागदाबाबत

महोदय, महोदया,

मी कोण ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगून आलेला मी माणूस. बांधाचा वाद, तीन पिढ्यांची भाऊबंदकी, आणि एका सकाळी माझ्या हातून चुलतभाऊ गेला. त्याची दोन पोरं बापाविना वाढली. मी निर्दोष होतो असं या पत्रात कुठंही म्हणणार नाही. २००४ साली अटक झाली, २००६ साली शिक्षा लागली, २०२३ साली सुटलो. मधली करोनाच्या रजेची दोन वर्षं वजा केली तरी सतरा वर्षं आत गेली. कुठल्या कारागृहात, ते लिहीत नाही. तिथल्या माणसांशी माझं वैर नाही, आणि मी सांगतोय ते एकाच कारागृहापुरतं असेल असंही मला वाटत नाही.

शिक्षेच्या शेवटच्या टप्प्यात मला कारागृहाच्या दवाखान्यात रायटरचं काम मिळालं. लिहिता-वाचता येणाऱ्या शिक्षाबंद्याला रजिस्टरं भरायला बसवतात, त्याला आत रायटर म्हणतात. मी बी. ए. झालेला, अक्षर बरं, म्हणून वर्णी लागली. सगळे मास्तर म्हणायचे, जन्मात कधी शाळेत शिकवलं नाही तरी. बाह्यरुग्णांचं रजिस्टर, औषधसाठ्याचं रजिस्टर, कोणाला बाहेरच्या रुग्णालयात न्यायचं त्याची यादी, असं सगळं माझ्याकडं. आणि वर्षातून चार वेळा एक छोटा कागद. त्याचा कच्चा मसुदा मी काढायचा, डॉक्टरसाहेबांनी सही करायची, जावक क्रमांक पडायचा आणि कागद तुमच्याकडे रवाना व्हायचा. मजकूर दोन ओळींचा, आणि शेवटच्या रकान्यात एकच शब्द: निरंक.

सरकारी मराठीतला हा फार सोयीचा शब्द आहे. शून्य लिहिलं तर कोणीतरी मोजलं असावं असं वाटतं. निरंक लिहिलं की मोजण्याचा प्रश्नच येत नाही.

पहिल्यांदा मी तो शब्द लिहिला तेव्हा त्याच टेबलावर औषधांचं रजिस्टर उघडं होतं आणि त्यात झोपेच्या आणि डोक्याच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांची पानभर नावं होती, माझ्याच अक्षरातली. मी विचारलं, "साहेब, मग ही नावं?" साहेब वैतागले नाहीत. म्हणाले, "मास्तर, कायदा जे लिहायला सांगतो तेच आपण लिहितोय."

पुढं मी तो कायदा मिळवून वाचला. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा, २९ मे २०१८ पासून लागू, कलम १०३. तुम्हाला पाठ असेल, पण हे पत्र बाकीचेही वाचतील म्हणून सांगतो. कारागृहात मानसिक आजार असलेला एकही बंदी नाही, असं प्रमाणित करणारा अहवाल तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यानं दर तिमाहीला मंडळाला पाठवायचा आहे. किती आहेत, कोणत्या आजाराचे आहेत, औषध मिळतंय का, हे त्या वाक्यात कायदा विचारतच नाही. नाहीत असं लिहून द्या, म्हणतो. हेतू वाईट नव्हता. आजारी माणसाला कोठडीत सडवू नका, त्याला कारागृहाच्या मनोविकार कक्षात नाहीतर रुग्णालयात हलवा, हा त्यामागचा विचार. पण हलवायला जागा नाही, न्यायला पोलीस गार्ड नाही, आणि कागद तर वेळेवर गेलाच पाहिजे. मग काय जाणार? निरंकच जाणार.

डॉक्टरसाहेबांचा दोष काढायला मी बसलेलो नाही. क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसं कोंबलेलं कारागृह, त्यात खरूज, क्षय, मधुमेह, मारामारीतली फुटलेली डोकी, व्यसन सुटताना थरथरणारी नवी पोरं. या सगळ्यात एखादा माणूस तीन आठवडे कोणाशी बोलला नाही हे त्यांच्या टेबलापर्यंत पोचणार तरी कसं? न बोलणारा माणूस ओपीडीच्या रांगेत उभा राहत नाही.

आता देशाचे आकडे बघा. बेंगळुरूच्या मध्यवर्ती कारागृहात निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या डॉक्टरांनी पाच हजारांवर बंद्यांना तपासून २०११ साली अहवाल दिला. व्यसनाचे रुग्ण बाजूला काढल्यावरही २७.६ टक्के लोकांना निदान करता येईल असा मानसिक आजार होता, म्हणजे चारात एकाहून जास्त. आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात, कारागृहांनी कळवलेल्या माहितीवरून, मानसिक आजारी बंदी शंभरात दोनसुद्धा भरत नाहीत. बेंगळुरूचं पाणी वेगळं असेल म्हणावं तर तेही पटत नाही. फरक मोजणाऱ्यात आहे. तिथं डॉक्टरांनी एकेका माणसासमोर बसून विचारलं. बाकी ठिकाणी माझ्यासारख्या रायटरनं रकाना भरला.

विचारायला माणसं आहेत कुठं, हाही प्रश्न आहेच. पाचशे बंद्यांमागं एक समुपदेशक असावा असं २०१६ ची आदर्श कारागृह नियमावली सांगते. इंडिया जस्टिस रिपोर्टच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे देशभरच्या पावणेसहा लाख बंद्यांना मिळून मानसशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ पंचवीस आहेत. पंचवीस हजार नव्हे, पंचवीस. एकेकाच्या वाट्याला तेवीस हजारांच्या आसपास माणसं येतात, आमच्या तालुक्याच्या गावाएवढी.

एवढे आकडे पुरे. बाहेरून दिसत नाही ते सांगायला मी हे पत्र लिहितोय.

लांब शिक्षेचा माणूस आरडाओरडा करून वेडा होत नाही. तसे असतात, पण थोडे. बहुतेक जण हळूहळू विझत जातात, आणि या विझण्याला कारागृहाच्या भाषेत 'वागणूक चांगली' असं नाव आहे. तो भांडत नाही, तक्रार अर्ज देत नाही, जेवणाच्या रांगेत पुढं घुसत नाही. दिलेलं काम खाली मान घालून करतो. रजिस्टरात त्याच्या नावापुढं कायम 'चांगली' लिहिलेलं असतं, आणि त्यावर त्याला शिक्षेत माफीचे दिवसही मिळतात. मी स्वतः २०११ साली असा 'चांगला' होतो. आई गेल्याचा निरोप आला, रजा मंजूर होऊन घरी पोचेपर्यंत दहावं उरकलं होतं. परत आल्यावर जवळजवळ आठ महिने मी आंघोळ, काम आणि जेवण सोडून काही केल्याचं आठवत नाही. चव नव्हती, झोप नव्हती. एकदाही रडलो नाही. त्या वर्षीची माझी वागणूक सतरा वर्षांतली सगळ्यात उत्तम नोंदलेली आहे.

या विझण्याच्या खुणा आतल्या माणसाला कळतात. पहिल्या वर्षी दर आठवड्याला मुलाखत असते. जाळीच्या पलीकडं बायको, मांडीवर पोर, पिशवीत घरचं काही. मग पंधरवड्यानं, मग यात्रेला आणि दिवाळीला. मग नुसती मनीऑर्डर, मग तीही नाही. मी बराकीतल्या पुष्कळांची पत्रं लिहून द्यायचो, त्यामुळं मला हा उतार तारखांसकट ठाऊक आहे. सुरुवातीला सांगणारा चार पानं सांगतो. बैल विकू नका, थोरलीला शाळेतून काढू नका, वकिलाला भेटा. सहाव्या-सातव्या वर्षी तोच माणूस म्हणतो, "मास्तर, मागच्या पत्रातलंच लिहा." आणि एक दिवस कोरं आंतर्देशीय परत देतो.

सगळ्यात पक्की खूण वेगळीच आहे. माणूस रजा मागायचं सोडतो.

महाराष्ट्रात शिक्षाबंद्याला दोन प्रकारच्या रजा असतात. संचित रजा म्हणजे फर्लो आणि अभिवचन रजा म्हणजे पॅरोल. संचित रजेचे दिवस शिक्षेत धरतात, अभिवचनाचे धरत नाहीत. सलग तुरुंगवासाच्या दुष्परिणामांपासून माणसाला वाचवणं, घराशी धागा टिकवणं, जगण्यात रस राहू देणं, हा रजेचा हेतू नियमांतही आहे आणि न्यायालयांच्या निकालांतही. म्हणजे ज्या औषधाची तुम्ही आम्ही चर्चा करतोय ते सरकारनं कधीच लिहून दिलेलं आहे. आता जो पात्र असून वर्षानुवर्षं अर्ज करत नाही त्याच्याबद्दल कारागृहाला काय वाटतं? काहीच वाटत नाही. एक फाईल कमी, एक पोलीस चौकशी कमी, पळून जाण्याची धास्ती कमी. मी एकाला विचारलं होतं, बाबा, का जात नाहीस? म्हणाला, "कुठं उतरायचं?" एसटीतून कुठं उतरायचं असं मला आधी वाटलं. त्याला कोणाच्या घरी म्हणायचं होतं.

आता ओरडणाऱ्यांचं. एक तरणा पोरगा होता. भिंतीतून त्याला त्याच्या मेहुण्याचा आवाज यायचा. शिव्या द्यायचा, रात्री उठून शेजारच्याचं अंथरूण ओढायचा. बराकीनं आधी त्याला मारलं, मग देवऋषी सांगितला, मग साहेबांकडं तक्रार गेली. त्याला वेगळ्या खोलीत ठेवलं, सुरक्षिततेसाठी. न्यायालयानं एकांतवासाची शिक्षा दिली तर ती एका वेळी चौदा दिवसांपेक्षा जास्त देता येत नाही, हा इंग्रजांच्या काळापासूनचा नियम आहे, आणि नव्या न्याय संहितेतही तो तसाच आलाय. संयुक्त राष्ट्रांच्या मंडेला नियमांत पंधरा दिवसांची हद्द आहे. पण सुरक्षिततेसाठी वेगळं ठेवणं हा एकांतवास नाही, त्यामुळं त्याचे दिवस कोणी मोजत नाही. त्या पोराच्या खोलीपुढून मी रोज गोळ्यांचा ट्रे घेऊन जायचो. पहिल्या महिन्यात तो मेहुण्याशी भांडायचा. तिसऱ्या महिन्यात मेहुणा त्याचा एकुलता एक सोबती झाला होता.

त्याला शेवटी मनोरुग्णालयात नेलं, आणि चांगली गोष्ट अशी की नेमानं औषध सुरू झाल्यावर तो पुष्कळ सुधारला. परत आल्यावर मला म्हणाला, "मास्तर, मी तेव्हा काय काय बोलायचो हो?" मी खोटं सांगितलं, की काही विशेष नाही. पण सुधारला तरी शिक्का बसायचा तो बसलाच. आत अशा माणसाला 'मेंटल' म्हणतात, आणि तो शब्द नावाआधी लागतो. मराठीत येरवडा म्हटलं की ऐकणाऱ्याला विचारावं लागतं, भिंतीच्या आतलं येरवडा की वेड्यांचं? कारागृह आणि मनोरुग्णालय एकाच उपनगरात, आणि 'तुला येरवड्याला पाठवायला पाहिजे' ही थट्टा महाराष्ट्रभर. या थट्टेपायी किती जणांनी गोळ्या जिभेखाली धरून नंतर मोरीत थुंकल्या, ते मी पाहिलेलं आहे. एक शिक्का कपाळावर असताना दुसरा कोणाला हवा असतो? शिवाय प्रत्येकाच्या मनात भीती, की डोक्याच्या औषधाची नोंद झाली तर सुटकेच्या फाईलवर उलटा शेरा पडेल. ही भीती खरी की खोटी, हे बंद्याला कोणी समजावून सांगत नाही. त्यामुळं ती खरीच असते.

सुटकेची फाईल हा तर स्वतंत्र आजार आहे. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं असं गावात अजूनही समजतात. आम्हीही आत येताना तेच समजून आलो. प्रत्यक्षात चौदा वर्षं ही कमीत कमी हद्द. त्यानंतर राज्याच्या २०१० च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे वर्गवारी लागते, गुन्ह्याच्या स्वरूपावरून वीस, बावीस, चोवीस, सव्वीस आणि पुढं. माझी बावीस लागली, माफी धरून. फाईल पोलिसांकडं जाते, शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचं मत येतं, मंत्रालयात जाते. ती कुठं पोचली हे विचारायची सोय नाही. मुदत भरून गेल्यावरही महिनोन्‌महिने उत्तर न आलेली माणसं मी पाहिली. कडक शिक्षेनं माणूस मोडतो असं लोकांना वाटतं. माझ्या बघण्यात तारीख ठाऊक नसल्यानं जास्त मोडले. अमुक साली सुटणार हे ठाऊक असलेला माणूस, सव्वीस वर्षांचा असला तरी, रात्री घोरायचा. 'या महिन्यात येईल' अशा आशेवरचा माणूस पहाटे तीनला कठड्याला टेकून बसलेला असायचा.

रात्रीचं थोडं सांगतो, कारण भेट देणारे कोणीच रात्री येत नाहीत. संध्याकाळी साडेपाचच्या आसपास टोटल म्हणजे बंद्यांची मोजणी होते, बराकी बंद होतात. जेवण आधीच झालेलं. सकाळी उघडेपर्यंत बारा तासांहून जास्त वेळ तुम्ही शे-सव्वाशे माणसांत, हातभर रुंदीच्या अंथरुणावर. दिवे रात्रभर चालू. आतल्या सतरा वर्षांत मी अंधार पाहिला नाही. हसू नका, पहिल्या रजेला घरी गेलो तेव्हा अंधाराला दचकलो होतो. रात्रीचा पहारा बंद्यांकडेच असतो, दोन-दोन तासांची पाळी. कोण झोपेत ओरडतो, कोण कडेला जाऊन एकटा बसतो, कोण आपली चप्पल-साबण दुसऱ्याला देऊन टाकतो, हे सगळं त्या पहारेकऱ्याला ठाऊक असतं. साहेबांना नसतं, डॉक्टरांना तर नसतंच. सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या न्या. अमिताव रॉय समितीनं काढलं, की २०१७ ते २०२१ या पाच वर्षांत देशातल्या कारागृहांत ८१७ अनैसर्गिक मृत्यू झाले, त्यातल्या ६६० आत्महत्या. त्या ६६० मधल्या कितीतरी जणांबद्दल बराकीत कोणाला तरी आधी शंका आली असेल, असं मला ठामपणे वाटतं. ती शंका सांगायला त्याच्याकडं कोणी नव्हतं. सांगितली असती तर 'तुला काय करायचंय' हे उत्तर ठरलेलं.

करोनाचा उल्लेख वर आलाय. मे २०२० मध्ये राज्यानं नियम बदलले. लांब शिक्षेचे जे बंदी आधीच्या दोन्ही रजांवरून वेळेवर परतले होते त्यांना आपत्कालीन अभिवचन रजेवर सोडलं. आधी पंचेचाळीस दिवस, मग तीस-तीस दिवसांची वाढ. असं करत दोन वर्षं गेली. मी त्यात होतो. भावाच्या शेतात राबलो, पुतणीचं लग्न पाहिलं, रात्री दिवा बंद करून झोपायला शिकलो. मे २०२२ मध्ये आदेश निघाला, परत या. गेलो. जाणार नाही तर काय? सरकारचंही चुकलं म्हणता येणार नाही. पण पहिल्यांदा आत जाण्यापेक्षा हे दुसऱ्यांदा जाणं अवघड होतं. पहिल्यांदा जाताना माणूस गुन्ह्याच्या धक्क्यात असतो. दुसऱ्यांदा तो शुद्धीवर असतो. त्या पावसाळ्यात आमच्या दवाखान्यात झोपेच्या गोळ्या मागणाऱ्यांची जी रीघ लागली ती मी तोवर कधी पाहिली नव्हती, आणि त्यात दहा-पंधरा वर्षं मुरलेले, कधी पायरी न चढलेले लोक होते. त्या तिमाहीचा कागदही मीच लिहिला. निरंक.

फाशीच्या बंद्याच्या मनाकडं निदान वकिलांचं लक्ष जातं, कारण तिथं जीव टांगणीला असतो. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्याच एका फाशीच्या बंद्याची शिक्षा बदलली. निकालात त्याचं नाव न छापता नुसतं 'आरोपी एक्स' म्हटलंय. शिक्षेनंतर जडलेला गंभीर मानसिक आजार हेही फाशी रद्द करण्याचं कारण होऊ शकतं, असं न्यायमूर्तींनी सांगितलं, आणि २०१७ च्या कायद्याप्रमाणे त्याच्या उपचारांकडं बघा असं राज्याला बजावलं. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या प्रोजेक्ट ३९ए च्या अभ्यासात, २०२१ साली, फाशीच्या तपासलेल्या बंद्यांपैकी साठ टक्क्यांहून जास्त जणांना कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला. फाशी रद्द झाली की तो बंदी आमच्यात येतो, जन्मठेपेत. आणि तिथं आल्यावर त्याचाही निरंक होतो.

कोणी म्हणेल, खून करताना यांचं मन कुठं गेलं होतं? हा प्रश्न माझ्या चुलतभावाच्या पोरांनी विचारला तर मी मान खाली घालीन. इतरांना एवढंच विचारतो, की अंदमानात छळ सोसून क्रांतिकारक उल्लासकर दत्तांचं मन बिघडलं, त्यांना मद्रासच्या वेड्यांच्या इस्पितळात न्यावं लागलं, आणि १९१२ साली तिथंच क्रांतिकारक इंदुभूषण रॉय यांनी कोठडीत जीव दिला, हे आपण भरल्या गळ्यानं सांगतो. माझी त्यांच्याशी बरोबरी नाही, त्यांच्या पायाशी बसायची लायकी नाही. पण तुरुंगात मन मोडतं हे आपल्याला शंभर वर्षांपासून ठाऊक आहे, हे तरी खरं ना? थोरांचं मोडतं आणि माझ्यासारख्याचं मोडत नाही, असं डॉक्टरकीच्या कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसावं.

आणि नुसतं 'पाठवा रुग्णालयात' म्हणून भागत नाही, हेही सांगून ठेवतो. आसामातल्या मचांग लालुंग यांना १९५१ साली अटक झाली आणि तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवलं. ते बरे आहेत असं १९६७ मध्येच डॉक्टरांनी कळवलं होतं. सुटले २००५ साली. चोपन्न वर्षं, खटला न चालता. तिथंही कुठल्या तरी टेबलावर कुठला तरी कागद वेळच्या वेळी जातच असणार.

आता तुमच्याकडं माझं मागणं. त्याच कलम १०३ मध्ये पुढचं वाक्य आहे: मंडळ कारागृहाला भेट देऊ शकतं, आणि आजारी बंदी असेल तर त्याला इथं का ठेवलं, उपचारांसाठी का हलवलं नाही, हे वैद्यकीय अधिकाऱ्याला विचारू शकतं. तुमच्यात जिल्हा न्यायाधीश दर्जाचे अध्यक्ष आहेत, जिल्हाधिकाऱ्यांचा माणूस आहे, मनोविकारतज्ज्ञ आहेत, आणि आजार भोगलेली किंवा घरात काढलेली माणसंही आहेत. त्या शेवटच्यांवर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे. त्यांना ओळखता येतं.

तेव्हा या. न कळवता या. कळवून आलात तर बराकींना चुना लागेल, आम्हाला धुतलेले कपडे मिळतील, आणि दोन बोलके बंदी पुढं करतील. मी स्वतः असा पुढं केला गेलेलो आहे. सकाळी अकराला येऊन दुपारी जेवून जाऊ नका, बराकी बंद झाल्यावर या. कार्यालयात बसून निरंकचा कागद मागवण्याऐवजी तीन याद्या मागा. वर्षभरात एकदाही मुलाखत न आलेल्यांची, पात्र असून दोन-तीन वर्षं रजेचा अर्ज न केलेल्यांची, आणि औषधांच्या रजिस्टरातली डोक्याच्या गोळ्या घेणाऱ्यांची. तिन्ही कार्यालयात असतात, फक्त कोणी शेजारी शेजारी ठेवत नाही. जी नावं दोन याद्यांत सापडतील त्यांच्यापासून सुरुवात करा. रात्रीच्या पहाऱ्यावरच्या बंद्यांशी एकेकट्यानं बोला, साहेब खोलीबाहेर ठेवून. आणि पुढच्या तिमाहीपासून 'नाही' च्या प्रमाणपत्राबरोबर एक जोडपत्र मागवा: किती जणांना कोणतं औषध सुरू आहे, डॉक्टरनं शेवटचं कधी पाहिलं, वेगळ्या खोलीत कोण आणि किती दिवसांपासून. त्यासाठी कायदा बदलायची गरज नाही, एका पत्राची आहे. एका पत्रावर काय होतं ते मुंबईला ठाऊक आहे. पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईच्या कोठडीतल्या बायकांबद्दल लिहिलेलं पत्र सर्वोच्च न्यायालयानं याचिका म्हणून घेतलं आणि १९८३ साली त्यावर निकाल दिला.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक बाहेर कोणीही फिरवू शकतो. प्रत्येक बंद्याला आतून ज्या क्रमांकांवर फोन करायची परवानगी असते त्यांत तो आपोआप घालायला सांगा. सुटणाऱ्याच्या हातात गोळ्यांबरोबर चिठ्ठी द्यायला सांगा, गावाजवळ कुठं दाखवायचं त्याची. आठ दिवसांच्या गोळ्या खिशात घेऊन बाहेर पडलेला आणि नवव्या दिवशी एसटी स्टँडवर हरवलेला माणूस मला ठाऊक आहे.

शेवटी एका म्हाताऱ्याबद्दल. तो माझ्याही आधीपासून आत आहे. अंथरूण रोज सकाळी असं घडी करतो, जणू दुपारी सुटायचं आहे. कोणाला त्रास नाही, औषध नाही, तक्रार नाही, मुलाखत नाही. तुमच्या कुठल्याही कागदावर तो सापडणार नाही. वागणुकीच्या रजिस्टरात मात्र आहे: चांगली. तुम्ही गेलात तर त्याला तब्येतीचं विचारू नका, 'बरी आहे' म्हणेल. शेतात काय आहे यंदा, असं विचारा. चैत्रात विचारलं तरी आणि आषाढात विचारलं तरी तो सांगेल, जोंधळा निसवलाय, पाखरं राखायला माणूस नाही. त्याला धरून आणलं त्या दिवशी शेत तसं होतं.

त्याचा बराक क्रमांक मंडळाच्या कार्यालयाला बंद पाकिटात वेगळा कळवला आहे.

आपला,
एक सुटलेला शिक्षाबंदी